धातू, मातू आणि नववे नाव : मुंबईतील एका हेवी मेटल संगीतकाराची गीतरचना

तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयास राहून शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ हा ग्रंथ रचला. गीताची दोन अंगे सांगताना त्याने वाणीच्या अंगास ‘मातू’ व गेयाच्या अंगास ‘धातू’ असे म्हटले आहे. ही दोन्ही अंगे जो स्वतः निर्माण करतो तो ‘वाग्गेयकार’ होय. या वाग्गेयकारांची प्रतवारी लावताना शार्ङ्गदेवाने जो निकष वापरला तो ध्यानात ठेवण्यासारखा आहे. धातूत समर्थ परंतु मातूत मंद असा रचनाकार त्याच्या मते मध्यम ठरतो. मातू रमणीय असूनही ज्याचा धातू मंद, तो मात्र अधम. म्हणजे शब्द आणि स्वर यांत उणे-अधिक व्हावयाचेच असेल, तर ते शब्दांच्या बाजूने झालेले शास्त्रकाराला अधिक सह्य वाटते. मराठी रसिकाची अभिरुची पुढे बरीच शब्दनिष्ठ झाली. अभंग, पोवाडा, नाट्यपद, भावगीत या सर्वांत अर्थ कानी पडला नाही तर गाणे फुकट गेले असे मानण्याकडे आपल्याकडे कल आहे. त्यामुळे शार्ङ्गदेवाचा हा निवाडा आज थोडा परका वाटतो.

परंतु ज्या गीतप्रकाराचे नावच ‘धातू’ या शब्दाच्या दुसऱ्या अर्थाशी जोडलेले आहे, त्याचा विचार करताना हा जुना निवाडा एकाएकी उपयोगी पडू लागतो. ‘हेवी मेटल’ या पाश्चात्त्य संगीतप्रकारास मराठीत ‘धातुसंगीत’ म्हटले तर तो निव्वळ शब्दश्लेष होईल. तथापि श्लेष बाजूला ठेवूनही असे म्हणता येते, की या प्रकारात धातू हाच प्रधान असतो व मातू त्याच्या मागून येतो. गिटारवर बसविलेला एक लहानसा, जड, पुनःपुन्हा येणारा स्वरसमूह हे गीताचे बीज होय. त्याला या मंडळींच्या बोलीत ‘रिफ’ म्हणतात. अनेक रिफ एकमेकांना जोडून, त्यांना तालवाद्यांची चौकट देऊन रचना उभी राहते आणि शब्द बहुधा शेवटी, तयार झालेल्या घाटात ओतले जातात. मुंबईतील साहिल मखीजा या संगीतकाराच्या एका गीतमालेच्या निमित्ताने, या पद्धतीत शब्दाला नेमके कोणते स्थान उरते आणि त्या उरलेल्या जागेत केवढा जुना वाद येऊन बसू शकतो, हे पाहण्याचा येथे हेतू आहे.

हेवी मेटलचा उगम इंग्लंडातील बर्मिंगहॅम या कारखानदारीच्या शहरात, ‘ब्लॅक सॅबथ’ या वाद्यवृंदाच्या १९७० सालच्या ध्वनिमुद्रिकांत मानला जातो. पुढे त्याच्या अनेक शाखा झाल्या. त्यांपैकी प्रस्तुत विषयाशी दोन शाखांचा संबंध आहे. पहिली शाखा ‘पॉवर मेटल’ या नावाने ओळखली जाते. हिचे पूर्वरूप ‘रेनबो’ या वृंदाच्या १९७६ सालच्या ‘रायझिंग’मध्ये दिसते. ‘आयर्न मेडन’ या लंडनच्या वृंदाने १९८४ साली कोलरिजच्या वृद्ध खलाशावरील दीर्घ काव्याचे तेरा मिनिटांहून अधिक लांबीचे गीत केले, तेव्हा आख्यानपर मेटल गीताचा एक नमुनाच तयार झाला. त्याच वर्षी हॅम्बर्ग येथे ‘हेलोवीन’ हा वृंद स्थापन झाला; त्याच्या १९८७ व १९८८ सालच्या ‘कीपर ऑफ द सेव्हन कीज’ या दोन भागांतून शाखेचे स्वरूप निश्चित झाले. अतिद्रुत लय, दोन्ही पायांनी अखंड घुमविला जाणारा मोठा ढोल, दोन गिटारींनी तृतीय स्वराच्या अंतराने जोडीने वाजविलेली चाल, उंच पट्टीतला स्वच्छ आवाज आणि समूहाने म्हणता येईल असे धृपद, ही तिची लक्षणे. विषय मात्र बव्हंशी वीररसाचे : तलवार, प्रवास, शाप, राज्यप्राप्ती. क्रेफेल्ड येथील ‘ब्लाइंड गार्डियन’ने १९९८ साली टोल्कीनच्या ‘सिल्मरिलियन’ या कल्पित पुराणावर संपूर्ण ध्वनिमुद्रिका रचली. इटलीतील ‘रॅप्सडी’ने तर १९९७ पासून स्वतःच एक काल्पनिक राज्य निर्माण करून त्याची बखर अनेक ध्वनिमुद्रिकांतून गायिली. पुराणे हाताशी नसली की माणसे ती तयार करतात, याचे हे एक बोलके उदाहरण म्हणावे लागेल.

दुसरी शाखा ‘ब्लॅक मेटल’ व ‘डेथ मेटल’ यांची. येथे आवाज स्वच्छ नसतो. तो घोगरा, गर्जनेसारखा असतो. नॉर्वेतील ‘एम्परर’, ‘डिमू बोर्गिर’ आदी वृंदांनी या कर्कश आवाजामागे कळफलकावरील वाद्यवृंदसदृश स्वरांची भव्य पार्श्वभूमी उभी केली.

मुंबईत या संगीताचे स्थैर्य १९८० नंतरचे. धोबी तलावानजीकच्या ‘रंगभवन’ या खुल्या नाट्यगृहात १९८६ पासून ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा वार्षिक सोहळा होऊ लागला आणि महाविद्यालयीन तरुणांचे वृंद तेथे हजेरी लावू लागले. रुग्णालये व शिक्षणसंस्था यांच्या सान्निध्यामुळे तो परिसर शांतता क्षेत्रात मोडत असल्याने २००३ च्या सुमारास तेथील कार्यक्रम बंद पडले. मधल्या काळात या संगीताचे केंद्र उपनगरांकडे सरकू लागले होते. जुहूचे ‘रॅझबेरी ऱ्हायनोसरस’ आणि नंतर अंधेरीचे ‘बी ६९’ ही त्याची ठिकाणे. दक्षिण मुंबईत नाट्यगृह, उपनगरात उपाहारगृहाचा कोपरा, असा हा प्रवास आहे. तमाशाचे फड आणि भजनी मंडळे यांच्या स्थलांतराचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे त्यांना त्यात नवल वाटणार नाही. जागेचे भाडे, शेजाऱ्यांची तक्रार आणि शेवटची लोकलगाडी या तीन गोष्टी मुंबईतील कोणत्याही गानप्रकाराचे भवितव्य ठरवीत आल्या आहेत. येथे हेही नमूद करावयास हवे, की वांद्र्यापासून खाडीपलीकडच्या मनोरी-गोराईपर्यंतच्या गावठाणांत पाश्चात्त्य वाद्ये मुळीच नवी नव्हती. ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाजाच्या लग्नांत व सणांत व्हायोलिन व पितळी वाद्ये मराठीच्या स्थानिक बोलीतील गीतांना पिढ्यान्‌पिढ्या साथ करीत आली आहेत. म्हणजे उपनगरी कानाला परके होते ते वाद्य नव्हे, तर त्याचा मुद्दाम विकृत केलेला, चिरफाळलेला नाद.

या वातावरणात २००० साली साहिल मखीजा यांनी ‘डिमॉनिक रिझरेक्शन’ हा वृंद स्थापन केला. गायन व गिटार ही दोन्ही अंगे त्यांच्याकडे असून ‘डिमन्‌स्टीलर’ हे त्यांनी घेतलेले नाव आहे. वृंदाची त्याच वर्षीची पहिली ध्वनिमुद्रिकाही याच नावाची. त्यानंतर ‘अ डार्कनेस डिसेंड्स’ (२००५), ‘बियाँड द डार्कनेस’ (२००७) आणि ‘द रिटर्न टु डार्कनेस’ (२०१०) या तीन कृतींतून अंधार या एकाच कल्पनेभोवती फिरणारी त्रयी पूर्ण झाली. २०१० साली ओस्लोच्या ‘इन्फर्नो’ महोत्सवात या वृंदाचे गायन झाले व त्याच वर्षी इंग्लंडातील ‘मेटल हॅमर’ या नियतकालिकाचा जागतिक मेटलसाठीचा पुरस्कार त्यास मिळाला. २०१४ साली ‘द डिमन किंग’ आणि २०१७ साली ‘दशावतार’ या ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध झाल्या. मखीजा यांनी स्वतःची ध्वनिमुद्रण संस्था चालविली, इतर वृंदांसाठी मेळावे भरविले. पाककृतींच्या दृक्‌श्राव्य कार्यक्रमामुळेही त्यांचे नाव सर्वदूर झाले, पण तो या लेखाचा विषय नव्हे.

रचनेवरून पाहता मखीजा यांच्यावर वर सांगितलेल्या दोन्ही शाखांचे संस्कार झालेले दिसतात. गर्जनेचा आवाज, झंझावाती तालवाद्य आणि कळफलकाची दाट पार्श्वभूमी हा नॉर्वेकडचा वारसा आहे. मध्येच मोकळा, स्वच्छ आवाज येऊन लांब पल्ल्याची चाल धरतो आणि धृपदाची जागा भरून काढतो, तो पॉवर मेटलचा वारसा होय. दोन आवाजांची ही योजना मराठी श्रोत्याला अगदीच अनोळखी नाही. पोवाड्यात शाहिराचा गद्याकडे झुकणारा, ठोसेबाज उच्चार आणि झीलकऱ्यांचा लांबविलेला सूर यांत असेच कार्यविभाजन असते : एक कथा पुढे नेतो, दुसरा ती क्षणभर थांबवून भावना तोलून धरतो. फरक एवढाच, की शाहिराचे सारे बळ शब्द पोहोचविण्यात खर्च होते आणि गर्जनेत नेमका शब्दच सर्वांत आधी बळी जातो.

याचे कारण ध्वनिविज्ञानात आहे. सामान्य घोष ध्वनी स्वरतंत्रींच्या कंपनाने निर्माण होतो. गर्जनेत त्यांच्या वर असलेल्या आभासी स्वरतंत्रीही कंपनात भाग घेतात व आवाजात अनियमित खरखर मिसळते. त्यामुळे स्वराची उंची धूसर होते, म्हणजे चाल आवाजाकडून काढून घेतली जाऊन वाद्यांकडे सोपविली जाते. मुखाचा आकार मात्र गायकाच्या ताब्यात असतो, म्हणून ‘आ’, ‘ओ’, ‘ई’ यांसारखे दीर्घ स्वर बऱ्यापैकी ओळखू येतात. व्यंजनांची स्थिती बिकट होते. सतत चाललेल्या खरखरीत घोष-अघोष हा भेद अंधुक होतो आणि महाप्राणाचा वेगळा श्वास ऐकू येणे अवघड जाते. इंग्रजीत आघात प्रबळ असल्यामुळे आघातयुक्त अवयव तालाच्या ठोक्यावर बसवून शब्दाचा सांगाडा तरी वाचविता येतो. मराठीत शब्दाघात दुर्बळ आहे आणि महाप्राणावर अर्थभेद अवलंबून आहे. ‘कार’ आणि ‘खार’, ‘पळ’ आणि ‘फळ’ एकाच गर्जनेत बुडून जातील. मुंबईच्या वृंदांनी इंग्रजी जवळ केली यामागे प्रतिष्ठा, शिक्षण आणि बाहेरची बाजारपेठ ही कारणे आहेतच. पण भाषेच्या अंगचा हा गुणही त्यात मोजला पाहिजे. अर्थात हा अडसर अलंघ्य नाही. सिंगापुरातील भारतीय वंशाच्या ‘रुद्र’ या वृंदाने १९९२ पासून याच प्रकारच्या आवाजात संस्कृत वचने व मंत्र बसविले आहेत आणि आपल्या संगीताला ‘वेदिक मेटल’ असे नावही दिले आहे. तेथे संस्कृत हा मातूचा भाग आहे. मखीजा यांनी मातू इंग्रजीच ठेवला. संस्कृत फक्त नावांत आले.

शब्द असे नादात विरघळत असल्यामुळे या परंपरेतील श्रोता एका वेगळ्या आधारावर उभा असतो. तो छापील गीतपुस्तिका वाचतो, मुखपृष्ठ न्याहाळतो आणि सर्वांत आधी गीताचे शीर्षक पाहतो. अन्यत्र शीर्षक हे बहुधा धृपदाची पहिली ओळ असते. येथे ते रचनेच्या अर्थाची किल्ली असते. ‘दशावतार’चा विचार म्हणूनच शीर्षकांपासून करणे पद्धतीला धरून आहे.

अंधाराच्या कल्पित कथेवरून दहा अवतारांकडे वळणे म्हणजे घडविलेल्या पुराणाकडून वारशाने आलेल्या पुराणाकडे वळणे. कल्पित कथेत रचनाकार घटनांचा क्रम हवा तसा लावू शकतो, येथे दहांची संख्या आणि मत्स्यापासून कल्कीपर्यंतचा क्रम आधीच बांधलेला आहे. ही मालिका पुरी गाण्याचा हट्ट फारसा कोणी धरीत नाही, हेही सांगितले पाहिजे. कोकणातील दशावतारी नाटकाने नाव दहांचे घेतले, तरी त्याच्या पूर्वरंगात गणपती, ऋद्धिसिद्धी, भटजी, सरस्वती यांच्यामागून वेद पळविणारा संकासुर येतो, विष्णू त्याचे पारिपत्य करतो आणि मग उत्तररंगात भलत्याच पौराणिक आख्यानाला सुरुवात होते. दहाही अवतार ओळीने गाण्याचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे बाराव्या शतकातील जयदेवाच्या ‘गीतगोविंदा’चा आरंभ. मुंबईच्या या वृंदाने दहा अवतारांची दहा गीते ओळीने केली, त्या अर्थी त्याची चौकट दशावतारी नाटकापेक्षा जयदेवाला अधिक जवळची आहे. या योगायोगाचे त्या वृंदालाही बहुधा नवल वाटेल.

प्रत्येक शीर्षकात प्रथम अवताराचे संस्कृत नाव आणि त्यापुढे इंग्रजी उपपद अशी रचना आहे. ‘मत्स्य – द फिश’, ‘कूर्म – द टॉर्टस’, ‘वराह – द बोअर’, ‘नरसिंह – द मॅन-लायन’, ‘वामन – द ड्वार्फ’, ही पहिली पाच. येथपर्यंत उपपद म्हणजे सरळ भाषांतर आहे. परदेशी श्रोत्याच्या हाती दिलेला जणू शब्दकोशच. सहाव्या ‘परशुराम – द ॲक्स वील्डर’मध्ये भाषांतर अर्ध्या नावाचे आहे. परशू आला, राम गळाला. आणि पुढच्याच गीतात राम येणार असल्याने ते सोयीचेही झाले. शेवटचे ‘कल्की – द डिस्ट्रॉयर ऑफ फिल्थ’ प्रथमदर्शनी वर्णन वाटते. वस्तुतः तेही भाषांतरच आहे. संस्कृतात ‘कल्क’ म्हणजे गाळ, मळ, आणि लक्षणेने पाप. त्या मळाचा नाश करणारा तो कल्की, अशी एक व्युत्पत्ती परंपरेने दिली आहे आणि इंग्रजी संदर्भग्रंथांतून ती रूढ झाली आहे.

उरली मधली तीन नावे : राम, कृष्ण आणि बुद्ध. येथेही नावांचा अर्थ देता आला असता. राम म्हणजे रमविणारा, कृष्ण म्हणजे काळा, बुद्ध म्हणजे जागा झालेला. किंबहुना ज्या संगीतात अंधार हा स्थायी विषय, त्याला ‘काळा’ हे उपपद सोडवले तरी कसे, असा प्रश्न पडावा. परंतु येथे भाषांतर थांबते आणि निवड सुरू होते. राम ‘द प्रिन्स’ होतो, कृष्ण ‘द काउहर्ड’ आणि बुद्ध ‘द टीचर’. मराठी जिभेवर ‘राजा राम’ रुळलेला आहे. राजपुत्र राम थोडा अडखळतो. पण वनवास, सीताहरण, सेतू, रावणवध हे सारे अवतारकार्य राज्याभिषेकापूर्वीचे, म्हणजे राजपुत्राचेच आहे, हे लक्षात घेता उपपद चपखल म्हणावे लागते. कृष्णाच्या बाबतीत गीता सांगणारा सारथी टाळून गुराखी घेतला आहे. युद्धप्रिय संगीतप्रकाराने कुरुक्षेत्र सोडून गोकुळाचे नाव घ्यावे हे लक्षणीय आहे. रोमन लिपीच्या द्वारे घडलेला आणखी एक बदल सहज नोंदविण्यासारखा आहे. त्या लिपीत अंत्य अकार लिहिला जातो, म्हणून परदेशी मुखात ही नावे ‘रामा’, ‘कृष्णा’, ‘बुद्धा’ अशी होतात. मराठीत ही संबोधनाची रूपे आहेत. इंग्रजीत जे नुसते नाव आहे, ते मराठी कानाला हाक मारल्यासारखे ऐकू येते.

नववे नाव मात्र केवळ भाषिक कुतूहलाचा विषय नाही; महाराष्ट्रात तरी नाही. बुद्धाला विष्णूच्या अवतारमालिकेत घेणारी वचने पुराणांत आहेत, पण ती घेण्याची पद्धत विचित्र आहे. भागवत पुराणात तो कीकट देशी जन्म घेईल व देवांच्या शत्रूंना मोहात पाडील असे सांगितले आहे. अर्थात येथे बुद्धाचा उपदेश हा फसविण्यासाठी केलेला उपदेश ठरतो. काश्मीरच्या क्षेमेंद्राने अकराव्या शतकात ‘दशावतारचरित’ लिहिताना आणि पुढे जयदेवाने हा सूर बदलला; यज्ञातील पशुहत्येने द्रवलेला करुणावंत बुद्ध जयदेवाच्या पदात येतो. महाराष्ट्रात तिसरेच काही घडले. नामदेव, जनाबाई, एकनाथ यांच्या अभंगांत पंढरीचा विठ्ठल हाच बौद्धावतार म्हणून येतो, आणि जुन्या पंचांगांतील व मंदिरांतील दशावतारांच्या चित्रांत नवव्या जागी विठ्ठल-रखुमाई दिसतात. रा. चिं. ढेरे यांनी ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ (१९८४) या ग्रंथात या समीकरणाची विस्ताराने चर्चा केली आहे. शस्त्र नसलेला, कर कटेवर ठेवून मुकाट उभा असलेला देव, हे या समीकरणामागचे चित्र होय. या तिन्ही भूमिकांत बुद्ध काही ना काही करतो : मोहवितो, कळवळतो, किंवा मौन धरतो. त्याला शिकविणारा मात्र कोणी म्हटलेले नाही. आणि म्हटले असेल तर ती शिकवण फसवी असल्याचे सांगण्यासाठी.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या अनुयायांना ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांतील पाचवी प्रतिज्ञा बुद्ध हा विष्णूचा अवतार असल्याचे स्पष्टपणे नाकारते व तसा प्रचार खोडसाळ असल्याचे सांगते. महाराष्ट्रातील लक्षावधी घरांत या प्रतिज्ञेचे वाचन होते. तेव्हा ज्या शहरात ही प्रतिज्ञा घेतलेले लोक इतक्या मोठ्या संख्येने राहतात, तेथे तयार झालेल्या दशावतारमालिकेत बुद्धाचे नाव नवव्या स्थानी येणे ही निरुपद्रवी गोष्ट मानता येत नाही, रचनाकाराचा हेतू कितीही निरुपद्रवी असला तरी.

हा वाद केवळ दोन ग्रंथपरंपरांमधला राहिला नाही, याची एक खूण याच उपनगरी पट्ट्याच्या वायव्य टोकाला उभी आहे. बोरिवलीहून खाडी ओलांडली की गोराई लागते. तेथे १९८९ साली सुरू झालेल्या ‘एस्सेलवर्ल्ड’ या क्रीडोद्यानाशेजारी सत्यनारायण गोयंका यांच्या प्रेरणेने विश्व विपश्यना पॅगोडा बांधला गेला व ८ फेब्रुवारी २००९ रोजी तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. मध्ये एकही खांब नसलेल्या त्याच्या दगडी घुमटाखाली सुमारे ८,००० माणसे एका वेळी ध्यानास बसू शकतात. याच गोयंकांनी ११ नोव्हेंबर १९९९ रोजी सारनाथ येथे कांची कामकोटी पीठाचे शंकराचार्य जयेंद्र सरस्वती यांच्यासमवेत एक संयुक्त निवेदन प्रसिद्ध केले होते. बुद्धाला विष्णूचा अवतार ठरविणारे जे लेखन पूर्वी कोणत्याही कारणाने झाले असेल ते विसरून जावे आणि या मताचा प्रचार करू नये, असा त्याचा आशय होता. म्हणजे आंबेडकरांनी जे नकाराच्या प्रतिज्ञेने साधले, तेच येथे दोन आचार्यांनी सामोपचाराने मान्य केले; मार्ग भिन्न, निष्कर्ष एकच. दशावतारांच्या यादीतील नववे घर रिकामे करावयास उभय पक्षी कोणाची हरकत उरली नव्हती. पारंपरिक याद्यांत पर्यायही उपलब्ध होता : काही परंपरा बुद्धाऐवजी बलरामाला घेतात. नांगर खांद्यावर टाकलेला बलराम हा मेटलच्या प्रकृतीला बुद्धापेक्षा कितीतरी अधिक मानवला असता.

तरीही २०१७ च्या मालिकेत बुद्ध आला, आणि आला तो ‘द टीचर’ म्हणून. येथे एका शब्दाने जे केले आहे ते पाहावे. पाली वाङ्मयात बुद्धाला ‘सत्था’ म्हटले जाते. संस्कृतात तेच ‘शास्ता’. दोन्हींचा अर्थ शिकविणारा. देव आणि मनुष्य यांचा शास्ता हे बौद्धांच्या नित्य वंदनेतील विशेषण आहे. अवतारमालिकेतील नववी जागा पुराणांनी दिलेली, पण तिच्यावर बसविलेले नाव बौद्धांच्या स्वतःच्या शब्दकोशातले, असा हा अंतर्विरोध आहे. भागवताच्या बाजूने पाहता येथे ‘मोहविणारा’ हवा होता. जयदेवाच्या बाजूने ‘दयाळू’. वारकऱ्यांच्या बाजूने ‘मौनी’. शिक्षक म्हणताच त्याची शिकवण खरी मानावी लागते, आणि शिकवण खरी मानली की त्याला देवशत्रूंना भुलविण्यासाठी धाडलेला अवतार म्हणण्याचे प्रयोजनच नाहीसे होते. यादी एक बोलते, उपपद दुसरे. रचनाकाराने हे पाली परंपरा डोळ्यांपुढे ठेवून केले, की इंग्रजी वाचनातून रूढ झालेले विशेषण सहज उचलले, याने फरक पडत नाही. शब्द वापरणाऱ्याच्या माहितीपेक्षा शब्दाची स्मृती लांब असते, हे भाषेच्या अभ्यासकाला नित्य अनुभवास येते.

तथापि उपपदाने यादीचा दोष धुऊन निघतो असे मात्र नाही. पाचव्या प्रतिज्ञेला आक्षेप आहे तो बुद्धाच्या वर्णनाला नव्हे, त्याच्या जागेला. गुणवर्णन कितीही गौरवाचे असले तरी जागा विष्णूच्या नवव्या रूपाचीच राहते. जयदेवाच्या करुणावंत बुद्धालाही हाच आक्षेप लागू आहे. ठरलेली चौकट पत्करली की तिच्यातील वादही पत्करावे लागतात. टोल्कीनचे किंवा स्वतःच रचलेले पुराण गाणाऱ्या जर्मन व इटालियन वृंदांना हे ओझे कधी वाहावे लागले नाही, कारण त्यांच्या पुराणांत कोणी जिवंत माणसे राहत नव्हती. पॉवर मेटलने घालून दिलेला आख्यानाचा नमुना भारतात आणताना घडणारा सर्वांत मोठा पालट हाच आहे. त्याची चर्चा सतार-तबल्याच्या मिश्रणावरील लेखनात हरवून जाते, हे खेदाचे आहे. वाद्यांचे मिश्रण हा त्या मानाने फारच सोपा प्रश्न होय.

शार्ङ्गदेवाच्या मापाने मखीजा यांना कोठे बसवावे? धातू त्यांचाच, मातूही त्यांचाच, म्हणून वाग्गेयकार ही संज्ञा त्यांना निःसंशय लागू पडते. मातूत ते मंद आहेत काय, याचा निर्णय करताना मात्र शास्त्रकाराने कल्पिले नव्हते असे एक अंग जमेस धरावे लागेल. ज्या गीतात उच्चारलेले शब्द नादात बुडतात, तेथे न उच्चारलेला, केवळ छापलेला शब्द मातूचा भार वाहतो. दहापैकी सात उपपदांत भाषांतरापलीकडे काही नाही. तीन उपपदांत विचार आहे, आणि त्यांतील एकाला हजार वर्षांच्या वादात स्वतःची बाजू आहे.

मखीजा यांचे ‘डिमन्‌स्टीलर’ या नावाने चाललेले स्वतंत्र लेखनही या काळात सुरू होते. त्यातील ‘धिस बर्डन इज माइन’ (२०१६) या ध्वनिमुद्रिकेत तालवाद्ये ग्रीसचे जॉर्ज कोलिआस यांनी वाजविली. एक वादक अथेन्सकडे, दुसरा मुंबईत, आणि ध्वनी तारेवरून ये-जा करणारा, अशी ही रचनापद्धत आहे; वृंद ही कल्पनाच तीत पातळ होत जाते. २०२३ साली याच पद्धतीने, अनेक देशांतील वादकांना सोबत घेऊन ‘द प्रॉपगँडा मशीन’ प्रसिद्ध झाली. तिचा विषय अपप्रचार, द्वेष आणि हुकूमशाही हा असून आठ गीतांच्या शीर्षकांत पुराणांतील एकही नाव नाही.